थांबायला शिकलेला डबा

मित्रांनो, मी एक जुना पिवळा डबा आहे, आणि सुरुवातीलाच सांगून ठेवतो, मला कुणाची कीव नको. वर्धा जिल्ह्यात सिंदी (रेल्वे) सोडून थोडं आत गेलं की एक शिवार लागतं. तिथे नत्थूजींच्या विहिरीवरच्या खांबाला मी स्क्रूने घट्ट आवळलेला आहे. उन्हाने माझा रंग उडाला आहे, झाकणाला चीर गेली आहे आणि माझ्या पाठीमागे पालींनी संसार थाटला आहे. येणारे-जाणारे बोट दाखवून म्हणतात, "हा पाह्य, नत्थूजीचा हट्टी डबा." मी ते ऐकतो आणि मनातल्या मनात खूश होतो. हट्टी म्हणवून घ्यायला मला लाज वाटत नाही.

आधी माझं काम सांगतो. शेतातल्या मोटारींना वीज दिवसातले काही तासच मिळते, आणि ती कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून लोक मोटारीच्या स्टार्टरवर 'ऑटो' बसवतात. लाईन आली की ऑटो स्वतःच मोटार चालू करतो. मग मालक घरी जेवत असो नाहीतर वर्ध्याच्या बाजारात फिरत असो. ऐकायला किती छान वाटतं! पण आमच्या शिवारात एकाच डी.पी.वर सात मोटारी आहेत. डी.पी. म्हणजे दोन खांबांवर बसवलेला तो जाडजूड ट्रान्सफॉर्मर. मोटार सुरू होताना एरवीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते. लाईन आल्याबरोबर सातही ऑटोंनी एकदम ओढली की व्होल्टेज कोसळतं, डी.पी. कण्हायला लागतो, तापतो, आणि एक दिवस धूर सोडून बसतो. मग दुसरा डी.पी. येईपर्यंत सातही जण आभाळाकडे बघत बसतात.

आणि डी.पी. जळला नाही तरी एक शेत कोरडं राहायचंच. डी.पी. उभा आहे नत्थूजींच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, म्हणून तारेवर त्यांची मोटार पहिली आणि सगळ्यांत मोठी. तारेच्या अगदी टोकाला विमलाबाईंची मोटार. त्यांचे मालक सिंदीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जातात, शेत विमलाबाईच पाहतात. सहा मोटारींनी ओढून झाल्यावर तार त्यांच्या विहिरीपर्यंत पोहोचायची तेव्हा तिच्यात जीवच उरलेला नसायचा. मोटार नुसती घुं घुं करायची, पाणी काही उचलायची नाही. ऐन ओंब्या भरायच्या वेळी त्यांचा गहू दरवर्षी तहानेला राहायचा आणि दाणा बारीक पडायचा. त्या भांडल्या नव्हत्या असं नाही. पण भांडणार कुणाशी? सहाही जण म्हणायचे, मी एकट्याने मोटार बंद ठेवली तर तुमच्यापर्यंत काय येणार आहे? आणि खोटं बोलत नव्हते कुणी.

ह्या गोष्टीचा राग सुरभीला आला आणि त्या रागातून माझा जन्म झाला. सुरभी म्हणजे आमच्याच शिवारातल्या गोपालची मुलगी. ती वर्ध्याला इंजिनिअरिंगला होती आणि तिथेच जवळ पिपरी मेघेला माधवी नावाच्या मैत्रिणीबरोबर खोली करून राहायची. त्या खोलीतल्या लोखंडी कॉटवर आम्ही सात डबे ओळीने पडलेले असायचो. पोटात एक छोटी चिप, तारेतलं व्होल्टेज मोजायची सोय आणि मोटार चालू-बंद करायची ताकद, एवढंच आमचं अंग. अक्कल मात्र शिकून मिळवायची होती.

शिकवायची तिची पद्धत अशी. तिने लॅपटॉपमध्ये आमचं शिवार उभं केलं. तोच डी.पी., त्याच सात विहिरी, तीच लांबलचक तार. त्या खोट्या शिवारात रोज लाईन यायची आणि आम्ही सातही जण ठरवायचो, आत्ता चालू व्हायचं की थांबायचं. दिवस संपला की ज्याला त्याला गुण मिळायचे. ज्या वागण्याने गुण वाढले ते आम्ही पुढे जास्त करायचो, ज्याने घटले ते टाळायचो. खऱ्या शिवारात माणसाच्या आयुष्यात येणार नाहीत इतके दिवस आम्ही त्या कॉटवर काढले.

पहिल्यांदा तिने साधा नियम ठेवला. ज्याच्या शेतात जेवढं पाणी, तेवढे त्याला गुण. झालं! आम्ही सातही जण बघता बघता अट्टल ऑटो झालो. लाईन आली की ओढ, लाईन आली की ओढ. खोटा डी.पी. रोज जळायला लागला.

"काऊन गं, हे तं पह्यल्यापेक्षा खराब झाले," माधवी चहा गाळता गाळता म्हणाली. ती डी.एड. करत होती, डब्यांपेक्षा पोरांना शिकवण्याचा तिचा अभ्यास.

"खराब नाई झाले, बराबर शिकले," सुरभी म्हणाली. "पाह्य ना, बाकीचे ओढून राह्यले अन् हा एकटाच थांबला, तं पाणी याचंच जाते. म्हून कोनीच थांबत नाई. सगळ्यांचं वाटोळं होऊन राह्यलं, पन एकट्यानं सुधारून काही फायदा नाई. गेम थिअरीत याले समतोल म्हणतात."

"समतोल? याले आमच्या घरी भांडण म्हणतात," माधवी म्हणाली.

मित्रांनो, त्या काळात कुणी मला पाहिलं असतं तर लोभी म्हटलं असतं. खुशाल म्हणा. पण एवढं विचारा की गुण कशाचे द्यायचे हे कुणी ठरवलं होतं. ज्याचे गुण मिळतात तेच आम्ही शिकतो, आणि तुमच्यातलेही बरेच जण तेच करतात.

मग सुरभीने नियम बदलला. सातही शेतांचं पाणी एकत्र मोजायचं आणि सगळ्यांना सारखेच गुण द्यायचे. तिला वाटलं, आता सगळे एकजुटीने वागतील. पण आमच्यातला तिसरा डबा इतका ऐदी निघाला की विचारू नका. बाकी सहा जण राबायचे, हा पठ्ठ्या मोटार चालूच करायचा नाही आणि गुण मात्र आमच्याइतकेच घ्यायचा. आपल्या असण्या-नसण्याने काय फरक पडतो हे त्याला कळतच नव्हतं, मग तो शिकणार तरी काय? त्याचं शेत कोरडं पडलेलं पाहून माधवी एवढी हसली की तिच्या हातातला चहा सांडला. म्हणाली, "आमच्या कॉलेजातला ग्रुप प्रोजेक्ट हाये हा!"

सुरभी हसली नाही. मग तिने तिसरा नियम काढला, आणि मी आज जो काही आहे तो त्या नियमामुळे आहे. तोही सांगतो, नीट ऐका. दिवस संपला की ती सगळ्यांचं मिळून पाणी मोजायची. कोरड्या शेतात गेलेलं पाणी तिने आधीच भिजलेल्या शेतातल्या पाण्यापेक्षा जास्त मोलाचं धरलं होतं. मग तोच दिवस लॅपटॉपमध्ये पुन्हा चालवायची, पण ह्या वेळी माझी मोटार बंद ठेवून. तू होतास म्हणून शिवाराचं किती भलं झालं, आणि तू नसतास तर किती झालं असतं? दोन्हींतला जो फरक तेवढेच माझे गुण. मी घाई करून टोकाचं शेत कोरडं पाडलं असेल तर माझ्यावाचूनच शिवाराचं बरं चाललं असतं, आणि मग माझे गुण शून्याच्याही खाली जायचे. ऐदी डब्याला पहिल्यांदाच कळलं की तो उठला तर फरक पडतो. आणि मला कळलं की मी थांबलो तर फरक पडतो.

असे आम्ही शहाणे झालो. एकमेकांशी बोलायला आम्हाला तोंड नव्हतं, पण तार होती. कुणी मोटार चालू केली की तारेत व्होल्टेज खाली जातं आणि मग हळूहळू सावरतं. प्रत्येक मोटारीचा झोका वेगळा, त्यामुळे कोण उठलं ते आम्ही त्यावरून ओळखायला शिकलो. तार ताजी असताना टोकाच्या मोटारीने आधी उठायचं, मग तिच्या अलीकडच्याने, आणि सगळ्यांत शेवटी मी, कारण डी.पी.च्या तोंडाशी बसलेल्याला वीज कधीही पुरते. कुणी रांग मोडली तर दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्यासाठी थांबायचो नाही. तो सुधारला की आम्हीही विसरून जायचो. शेवटी सुरभीने प्रत्येकाच्या पोटात एक मर्यादा घातली. व्होल्टेज अमुक एका आकड्याच्या खाली गेलं की गुणबिण काही बघायचं नाही, मोटार सोडून द्यायची. माझी मर्यादा तिने सगळ्यांत कडक ठेवली, बाकीच्यांची बरीच सैल. माझ्याकडे व्होल्टेज पडलं म्हणजे डी.पी.च धोक्यात आहे, असा तिचा हिशेब होता.

त्या वर्षी आमच्या शिवारातला डी.पी. जळून गेला होता आणि सगळे पोळलेले होते. सातांतल्याच एका तानबाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून सगळ्यांनी मिळून नवा डी.पी. आणला, तेव्हाच सुरभी आम्हाला घेऊन आली. नत्थूजींनी माझ्यावर हळद-कुंकू वाहिलं आणि दणक्यात नारळ फोडला. त्याचं पाणी माझ्या झाकणात शिरलं ते वेगळंच. नत्थूजी मनाचे मोठे आहेत. गावात कुणाचं लग्न असलं की त्यांची ओसरी पाहुण्यांसाठी मोकळी असते. पण पाण्याच्या बाबतीत कुणाच्या मागे राहणं त्यांना जमत नाही. तिकडे टोकाला विमलाबाईंनी आपला डबा पदराने पुसला, स्क्रू स्वतः आवळले आणि "जय भीम, बाप्पा, चाल आता," असं म्हणून झाकण लावलं.

पहिला हिवाळा आमचा होता! लाईन यायची, तार क्षणभर शांत राहायची, आणि मग टोकाला विमलाबाईंची मोटार उठायची. पाइपातून पाणी पडल्याचा आवाज मला इतक्या लांबून ऐकू येत नाही, पण तारेतला तो छोटासा झोका मला कळायचा, आणि त्या झोक्याची मी वाट बघायचो. मागोमाग बाकीचे उठायचे आणि सगळ्यांत शेवटी नत्थूजींची मोटार धडधडायची. डी.पी. थंड राहिला. विमलाबाईंच्या गव्हाच्या ओंब्या टपोऱ्या भरल्या. आजूबाजूच्या गावांतून लोक मोटारसायकलींवर बसून आम्हाला बघायला आले, माझ्याबरोबर फोटो काढून गेले. नत्थूजी त्यांना सांगायचे, "माहा डबा सगळ्यात समजदार हाये. साऱ्यांले जेवू घालून मंग जेवते." तेव्हा मी त्यांचा होतो.

पुढच्या दिवाळीत सुरभी सुटीला घरी आली. तपासणीसाठी तिने आम्हाला खांबांवरून काढून गोपालच्या ओसरीवर ओळीने मांडलं. त्या ओसरीवर जे घडलं ते मी ह्या कानांनी ऐकलं, म्हणजे मला कान असते तर ऐकलं असतं असं म्हणा.

पहिले आले नत्थूजी. हातात सीताफळांची पिशवी. इकडे-तिकडे बघून ते हळूच म्हणाले, "सुरभी बाई, तुह्या मोठेबाबाचं एक काम कर. माही मोटार मोठी, वावर मोठं. माह्या डब्याले थोडंसं पुढं सरकवून दे. जास्ती नाई, थोडंसंच. अन् कोनाले सांगू नको."

सुरभीने डोकं खाजवलं. "मोठेबाबा, तसं केलं तं..."

"मी तुह्या बापाले खांद्यावर खेळवलं हाये," नत्थूजी म्हणाले.

आता तुम्हीच सांगा, गावची लेक मोठेबाबांना, म्हणजे बापाच्या थोरल्या भावासारख्या माणसाला, नाही कशी म्हणेल? तिने माझ्या पोटात वायर घातली आणि गुणांचा काटा जरासा फिरवला. शिवाराच्या भल्याचे गुण थोडे कमी, आपल्या स्वतःच्या पाण्याचे थोडे जास्त.

दुपारी तानबा आला, चकल्यांचा डबा घेऊन. "बाई, कोनाले सांगू नको..." संध्याकाळी पलीकडच्या विहिरीचे बंडूजी आले. दुसऱ्या दिवशी आणखी दोघे. कुणी काका, कुणी मामा, कुणी तिला कडेवर घेतलेलं, कुणी तिला सायकल शिकवलेली. सगळ्यांचं मागणं तेच, थोडंसं पुढं, आणि कोनाले सांगू नको. आमच्या ह्या गावात चारचौघांत कुणीच कधी मागत नाही. मागायचं ते ओसरीवर, एकटं असताना. शेवटी विमलाबाईही आल्या. चिवड्याची पुडी पुढे करून म्हणाल्या, "सुरभी, तू माह्यासाठी लय केलं. पन मी टोकाले हावो गं. थोडी अजून दमदारी दे माह्या डब्याले. बाकीच्यांले नोको सांगू." खुद्द गोपालही बापाच्या हक्काने बोलून गेला. सुरभीने सातही काटे जरा जरा फिरवले. मनाशी म्हणाली असेल, एवढ्याशाने काय होते.

काय होते ते मी सांगतो. एकाच काट्याने काहीच झालं नसतं. सातही काटे सारखेच फिरले, म्हणजे कुणीच कुणाच्या पुढे गेलं नाही आणि सगळेच घाईला लागले. रांग ढिली पडली. तार ताजी असतानाच मधल्या मोटारी उठायला लागल्या. विमलाबाईंची मोटार पुन्हा घुं घुं करू लागली. डी.पी. कण्हायला लागला आणि त्याच्या अंगावरून तेल ओघळायला लागलं. पण सुरभीने गुणांचे काटे फिरवले होते, मर्यादेला तिने हात लावला नव्हता. माझ्याकडे व्होल्टेज पडलं आणि मी नत्थूजींची मोटार सोडून दिली. रोज सोडली. शिवारातली सगळ्यांत मोठी मोटार बाजूला झाली की डी.पी.चा जीव भांड्यात पडायचा.

नत्थूजींनी मागितलं होतं थोडं पुढं, आणि पडले सगळ्यांच्या मागे! एका सकाळी ते विहिरीवर आले, बाकीच्यांच्या मोटारी चालू आणि आपली बंद. त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"माह्याच खांबावर बसते, माहीच लाईन खाते, अन् माह्याच मोटारीले बंद करते! फालतू कुठला!"

पक्कड घेऊन त्यांनी मला उपटलं. तारा तोडल्या, जुना ऑटो शोधून लावला, आणि मला विहिरीजवळच्या गुरांच्या कोठ्यात भिरकावून दिलं. कडब्यावर पडलो म्हणून वाचलो. झाकणाची चीर तेव्हाची. वर्षभर ज्याच्या नावाने छाती फुगवली तोच डबा फालतू झाला. मला वाईट वाटलं, लपवत नाही. पण त्याहून जास्त संताप आला. मी बिघडलो नव्हतो. सातांमध्ये डी.पी. वाचवणारा मी एकटा होतो, आणि मलाच काढलं होतं.

आता नत्थूजींची मोटार लाईनबरोबर उठायला लागली. माझ्या सोबत्यांनी तारेतला तो मोठा झोका ओळखला. रांग मोडणाऱ्यासाठी थांबायचं नाही, हे तर आम्हाला कॉटवरच शिकवलेलं. तेही थांबेनात. चौथ्या दिवशी मी कोठ्यात पडल्या पडल्या तो आवाज ऐकला, आधी घरघर, मग फट्, आणि मग जळक्या तेलाचा वास. गव्हाच्या ओंब्या भरायची वेळ होती.

सगळे डी.पी.खाली जमले. सुरभीलाही वर्ध्याहून बोलावून घेतलं होतं. कोठा तिथून जवळच, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. तानबा म्हणाला नत्थूजीचा दोष, नत्थूजी म्हणाले डब्यांचा दोष, बंडूजी म्हणाले ही पोट्टी काहीतरी शिकून आली अन् शिवाराची वाट लावली. विमलाबाई मोठ्याने म्हणाल्या, "माहा गहू मरून राह्यला अन् तुमी दोष काऊन वाटून राह्यले?"

तेव्हा सुरभी बोलली.

"डबे खराब नाईत. दिवाळीत तुमी माह्याकडं आलते. एकेकटे. डबा थोडा पुढं सरकव म्हणे, कोनाले सांगू नको म्हणे. मी सगळ्यांले हो म्हटलं. साऱ्यांचेच काटे फिरवले. कोनाएकाचे नाई, साऱ्यांचे."

मग बंडूजींनी विचारलं, "सारे म्हंजे? तानबा तू बी?"

"अन् तुमी?" तानबा म्हणाला.

"मी बी गेलती," विमलाबाई म्हणाल्या. "चिवडा घेऊन गेलती."

कुणीतरी फिस्कन हसलं आणि मग सगळेच हसत सुटले. नत्थूजी मात्र हसले नाहीत. "पन माह्या डब्यानं तं मले मागंच नेलं!" असं ते म्हणाले, आणि हसणं आणखी वाढलं. सुरभीने त्यांना मर्यादेचं सांगितलं. डी.पी. इतके दिवस टिकला तो तुमच्याच डब्यामुळे, असंही सांगितलं. थोड्या वेळाने कोठ्याचं दार उघडलं, नत्थूजींनी मला उचललं, धोतराच्या सोग्याने माझ्यावरचा कडबा झटकला. माफीबिफी मागितली नाही, आणि मलाही ती नको होती.

सुरभीने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सातही काटे पहिल्यासारखे केले. काटा फिरवायचा असेल तर इथे डी.पी.खाली, सगळ्यांसमोर मागायचं, असं ठरलं. पण नत्थूजी अडून बसले. "डबा लावतो, पन एक बटन माह्या हातात पाह्यजे. दाबलं की मोटार चालू. मंग डब्याचं ऐकायचं नाई म्हंजे नाई." सगळे पुन्हा भांडायच्या बेतात होते.

"राहू द्या बटन," सुरभी म्हणाली. "साऱ्यांच्याच डब्याले लावतो. पन बटन दाबलं की खांबावर लाल दिवा लागीन. साऱ्या शिवाराले दिसीन."

नव्या डी.पी.ची वाट पाहण्यात बरेच दिवस गेले. गव्हाला एकच पाणी द्यायची वेळ उरली होती, आणि ते चुकलं तर टोकाचं शेत ह्या वर्षी पुन्हा गेलंच. नवा डी.पी. बसला आणि ज्या सकाळी लाईन येणार होती त्या सकाळी सातही जण आपापल्या विहिरीवर उभे होते. नत्थूजींच्या गव्हालाही तहान लागली होती, पानं पिवळी पडायला लागली होती. ते माझ्यासमोर उभे राहिले आणि अंगठा बटनावर ठेवला.

लाईन आली. तार ताजी, भरलेली, आणि नत्थूजींची मोठी मोटार माझ्या हातात.

मी थांबलो.

"चाल ना बाप्पा," नत्थूजी दातओठ खात म्हणाले. मी चाललो नाही. "चाल म्हणतो ना!" अंगठ्याखाली बटन थोडं दबलं. मी माझ्या जागेवरून तसूभर हललो नाही. माझं सगळं लक्ष तारेत होतं. नत्थूजींनी मान वळवून लांबपर्यंत पाहिलं. सहा खांब, सहा दिवे, एकही लाल नव्हता. प्रत्येक खांबापाशी एक माणूस अंगठा सावरून उभा होता आणि दुसऱ्यांच्या खांबांकडे बघत होता.

मग तारेतून तो छोटासा झोका आला. टोकाची मोटार उठली. लांबून विमलाबाईंची हाक ऐकू आली, "आलं! पाणी आलं!" नत्थूजींनी ती ऐकली. त्यांचा अंगठा बटनावरून सुटला. ते धुऱ्यावर जाऊन बसले आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला लागले. एकामागून एक झोके आले, तार प्रत्येक वेळी सावरली, आणि सगळ्यांत शेवटी मी नत्थूजींची मोटार चालू केली. विमलाबाईंच्या गव्हाला पाणी मिळालं, नत्थूजींच्याही.

मित्रांनो, आता मी जुना झालो आहे. माझ्यासारखे डबे पुढे जागोजागी येतील. रस्त्यावरच्या दिव्यांत, बाजारात, तुमच्या खिशातल्या फोनमध्ये ते एकमेकांशी खेळत असतील आणि तुमच्यासाठी निर्णय घेत असतील. त्यांची काळजी घ्यायची असेल तर हळद-कुंकू वाहू नका आणि नारळही फोडू नका. फक्त त्यांच्या कानात एकट्याने कुजबुजू नका. जे मागायचं ते चारचौघांसमोर, मोठ्याने मागा. आणि एखादा डबा तुमच्यासाठी पुढे धावला नाही म्हणून लगेच पक्कड उचलू नका; आधी तारेच्या टोकाला कोण आहे ते बघून या.

माझं म्हणाल तर बटन अजून खांबावर आहे. ज्याला दाबायचं त्याने खुशाल दाबावं, लाल दिवा साऱ्या शिवाराला दिसेल. मी मात्र तार सावरल्याशिवाय मोटार चालू करणार नाही.